फोटोवर सही घ्यायचा पेन

गुरुनाथअप्पाला माणूस म्हणून मी कधी फारशी किंमत दिली नाही, पण फोटोवर सही घ्यायला पेन निवडावा तर तो त्यानंच. या एका बाबतीत त्याच्या पासंगाला कुणी पुरणार नाही. तोंडावर मी त्याला वयाचा मान म्हणून 'अप्पा, तुम्ही' असंच म्हणत आलो. लिहिताना मात्र एकेरीच लिहिणार आहे. एवढं सुख मला मिळू द्या.

अप्पाचा ढाबा नळदुर्गला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. माझा फोटो स्टुडिओ त्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. ढाब्यात गल्ल्यामागं एक मोठी भिंत आहे आणि ती फोटोंनी भरलेली आहे. नट, गवई, पैलवान, कीर्तनकार, पुढारी. या रस्त्यानं जाणारा कुठलाही नावाजलेला माणूस जेवायला थांबला, की त्याचा अप्पाबरोबर फोटो, आणि फोटोवर त्या माणसाची सही. सही नसलेला फोटो भिंतीवर लागत नसे. "फोटू कुणाबरबर बी निघतोय," अप्पा म्हणायचा, "सही म्हंजी त्यानं कबूल केलं. व्हय, म्या ह्या माणसाला भेटलोय म्हणून."

या भिंतीच्या मधोमध एक जागा गेली दोनेक वर्षं रिकामी होती. नुसता खिळा. कुणासाठी ते गावाला ठाऊक होतं. अप्पाला तिथं स्वतःच्या मुलीचा सहीचा फोटो हवा होता आणि ती मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती.

त्याची कामाची पद्धत आधी सांगतो. गाडीतून कुणी मोठं माणूस उतरलं, की अप्पा हात जोडून पुढं. पाणी, कांदा-लिंबू, मग मोबाइलवर फोटो. फोटो निघाला, की तो भटारखान्यात डोकावून सांगायचा, "तंदूर मंद करा." रोटी मुद्दाम उशिरा. तेवढ्यात हा एक हात वर करून ट्रकवाल्यांना थांबवत रस्ता ओलांडायचा आणि माझ्या दारातून ओरडायचा, "दिगू, काढ लवकर. दाल वाढलीया!" मी प्रिंट काढेपर्यंत तो मशीनपाशी उभा. ओल्या प्रिंटवर सही घेतली तर शाई पसरते, म्हणून फोटो वाळेपर्यंत पाहुणा टेबलावरून उठता कामा नये. एकदा एक वयस्कर गवई भुकेनं कावले. "अहो, रोटी येतीय की मी जाऊ?" अप्पा म्हणाला, "पीठ मळायलेत साहेब, खास तुमच्यासाठी." वर त्यांच्यापुढं चौथ्यांदा पापड ठेवला. गवयांनी बिचाऱ्यांनी सही केली ती पापडाचे हात पुसत.

पण पेनाचं त्याचं ज्ञान खरं होतं. बॉलपेनला तो हात लावू द्यायचा नाही. दाबावा लागतो, फोटोला खड्डा पडतो आणि अक्षर मध्येच तुटतं. जेलपेनची शाई चकचकीत कागदावर थेंबाथेंबानं उभी राहते, तळहात लागला की गेली. जाड मार्करनं सहीचा चिखल होतो. पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्याला सीडीवर लिहायचा बारीक काळा मार्कर, काळ्या कोटातल्या नटाला चंदेरी रंगाचा पेन. चंदेरी पेन आधी खडखड हलवायचा, टोक रद्दी कागदावर दाबून रंग खाली आणायचा, पहिला ठिपका तिथंच पडू द्यायचा आणि मगच पाहुण्याच्या हातात द्यायचा. जेवणाऱ्या माणसाच्या बोटाला तूप असतं, म्हणून सहीच्या जागी आधी कापसानं पावडरीचा हलका हात फिरवायचा. टोपण अप्पा स्वतः काढायचा. सही कुठं करायची ते बोटानं दाखवायचा. तोंडावर नाही, पोटावर नाही, बाहीवर.

नवीन पेन आला, की तो पारखायला माझ्याकडं. लोक पासपोर्ट फोटो काढतात आणि न्यायला विसरतात, त्यांचा माझ्याकडं एक खण भरलेला असतो. अप्पा त्यातला मूठभर काढून लोकांच्या तोंडांवर पेन चालवून बघायचा. एकदा ग्रामपंचायतीतले एक कारकून नेमके तेव्हाच फोटो न्यायला आले. त्यांच्या टकलावर तीन रंगांत 'गुरुनाथ' लिहिलेलं. ते लाल झाले. अप्पा शांतपणे म्हणाला, "रागावू नका. तुमचं कपाळ लई ब्येस हाय. शाई धरतंय." दुकानातली सगळी हसली. कारकून हसले नाहीत आणि पुन्हा कधी माझ्याकडं आले नाहीत.

अप्पाला बारीक काळा मार्कर सगळ्यात जास्त आवडायचा. तो टिकतो म्हणून, असं मला बरीच वर्षं वाटायचं. एके दुपारी तो गल्ल्यावर बसून स्पिरिटच्या बोळ्यानं एका नटाची सही पुसताना दिसला. नटाचे सिनेमे पडत चालले होते. मी विचारलं, "अप्पा, हे काय करायलाव?" तो म्हणाला, "माणूस पडला की सही उतरवायची. चौकट दुसऱ्याच्या कामी येती. म्हणून तर हा पेन. पान्यानं जात न्हाय, पर म्या म्हनलं की जातोय." पेन कसा असावा यावर मी पुष्कळ लोकांची पुष्कळ मतं ऐकली आहेत. हे असलं त्याच्याकडूनच ऐकलं.

सगळ्यांचीच सही लगेच पुसली जायची नाही. काहींची आधी बदली व्हायची. निवडणूक हरलेला पुढारी गल्ल्यामागून निघून हात धुवायच्या बेसिनवर जायचा. पुन्हा हरला, की संडासाच्या दाराशेजारी. असे एक माजी आमदार एकदा जेवायला आले, बेसिनपाशी गेले आणि आरशाच्या वर स्वतःलाच बघून थबकले. चूळ तोंडातच राहिली. आम्हाला वाटलं, आता तमाशा होणार. अप्पा टॉवेल घेऊन धावला. "साहेब, गल्ल्याकडं कोण बघतंय? हात सगळेच धुत्यात. तुमी सगळ्यांला दिसावं म्हणून हितं." माजी आमदारांनी चूळ टाकली आणि चक्क मान डोलावली. पडल्या माणसाला काहीही पटतं.

हे सगळं सांगताना मलाही हसू येतं. पण एक प्रसंग आठवला की हसू जातं. तमाशातली एक म्हातारी कलावंतीण, एके काळी तिच्या नावावर तंबू भरायचे, तुळजापूरला देवीला जाऊन परत फिरताना ढाब्यावर उतरली. अप्पानं फोटो काढला, माझ्याकडून प्रिंट नेली. मी मुद्दाम बरोबर गेलो, कारण माझ्या बापानं तिचं गाणं ऐकलं होतं. बाई शाळेत गेलेली नव्हती. आपलं नाव तेवढं ती उतारवयात कुणाकडून तरी शिकली होती. पेन मुठीत धरून, जीभ दातांत धरून तिनं एकेक अक्षर काढलं आणि मान वर करून म्हणाली, "आलं का बाबा नीट?" अप्पा म्हणाला, "हौदू, हौदू. झ्याक आलं." 'हौदू' म्हणजे होय. कानडीत तो कधी खोटं बोलत नाही अशी माझी समजूत होती. तिची गाडी रस्त्याला लागली आणि त्यानं फोटो उलटा करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. "पहिलीतल्या पोरागत सही. भिंतीची शोभा जाती." मी तो फोटो पायाखालून काढून घरी नेला. अप्पाला त्याचं काही वाटलं नाही. टेबल डुगडुगतंय एवढंच तो म्हणाला.

आता त्याच्या मुलीचं.

महानंदा तिचं नाव, सगळे नंदा म्हणायचे. एकुलती एक. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळायची आणि इतकी चपळ, की खांबाशी वळताना दिसायचीच नाही. सातवीत असताना तिच्या संघानं जिल्ह्याचा चषक आणला. चषक हातात घेऊन ती थेट माझ्या दुकानात आली, केसांत मैदानाची माती. "दिगूकाका, चकचकीत काढा. अप्पाच्या भिंतीवर लावायचाय." मी काढला. तिनं ढाब्यात जाऊन गल्ल्यातला काळा मार्कर घेतला, पावडर फिरवली, बाहीवर सही केली. सगळं बापानं करावं तसं. मग एका रिकाम्या चौकटीत घालून भिंतीच्या कोपऱ्यात तिनं तो फोटो लावला आणि अप्पाची वाट बघत उभी राहिली. तिला वाटलं होतं, बाप खूश होईल.

ढाब्यात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. ढोकीच्या साखर कारखान्याचे दोन साहेब बसलेले. मीही डबा सोडून तिथंच जेवत होतो. अप्पानं फोटो बघितला, काढला, पेनाचं टोपण लागलंय का ते बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हितं मोठी मानसं असत्यात. तुझं काय काम?"

"अप्पा, जिल्ह्यात पहिला आलाव आमी."

"जिल्ह्यात रोज कोनतरी पहिलं येतंय." त्यानं स्पिरिटची बाटली आणि कापूस तिच्यापुढं ठेवला. "चौकट वाया घालवलीस. पूस."

मंगलाकाकू, म्हणजे तिची आई, भटारखान्याच्या दारातून म्हणाली, "आवो, ऱ्हाऊ द्या की. लेकरू हाय."

"लेकरू हाय तर लेकरागत ऱ्हावं. पूस म्हनलं ना!"

नंदानं स्वतःची सही स्वतः पुसली. रडली नाही. कापूस काळा झाला, तो तिनं बापाच्या हातात दिला. कारखान्याचे साहेब ताटात बघत जेवत होते. मी म्हणालो, "अप्पा, हे बरं न्हाय केलं." त्यानं मला विचारलं, "तुझी भाजी गार हुयली का?" त्या दिवशी त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे बसलं ते अजून उठलेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये नंदा धाराशिवला मावशीकडं शिकायला गेली, तिथं खो-खोची मैदानं चांगली म्हणून. सुट्टीतही आली नाही. मंगलाकाकू एसटीनं भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन तिकडं जायची. अप्पा कधी गेला नाही. "तिला गरज असंल तर येईल." तिला गरज पडली नाही. ती राज्याकडून खेळली, मग देशाकडून, मग देशाच्या संघाची कप्तान झाली आणि संघ जिंकला. मोबाइलवर तिची मुलाखत फिरली. तीत ती म्हणाली, "मी नळदुर्गची. माझ्या आईनं मला खेळवलं." वडिलांचं नाव काही आलं नाही.

मग ढाब्यावर पोरं थांबायला लागली. "कप्तानाचा ढाबा ह्योच का? तिचा फोटो कुठाय?" सुरुवातीला अप्पा म्हणायचा, "असंल की आत कुठंतरी." मग लोक सारखेच विचारायला लागले, तेव्हा त्यानं मधल्या नटाला बेसिनवर पाठवलं आणि जागा मोकळी केली. खिळा तेवढा ठेवला. "सही आणायचीय," तो सांगायचा. एकदा एका ट्रकवाल्यानं हसत विचारलं, "घरच्याच पोरीची सही भेटना व्हय?" अप्पानं त्याला उठवून लावलं. जेवण अर्धं होतं.

तो माझ्याकडं आला. खुर्चीत बसला. "दिगू, म्याच करतो तिची सही. कुनाला कळतंय?" मी फोटो काढून दिला, पेन दिला. तो पेन धरून बसला. देशभरातल्या माणसांच्या सह्या त्याला तोंडपाठ होत्या, कुठला नट शेवटी रेघ ओढतो, कुठला पुढारी आडनावावर टिंब देत नाही. मुलीची सही कशी असते हे त्याला आठवेना. पुसायला लावलेली सही त्यानं वाचली कधी होती? पेन ठेवून तो म्हणाला, "निब बरं न्हाय." निब नवीन होतं.

शेवटी धाराशिवला तिचा नागरी सत्कार ठरला. व्यासपीठावर मातोश्रींचाही सन्मान होणार होता. पत्रिकेत पित्याचा उल्लेख नव्हता. कार्यक्रमानंतर ती मुलांना सह्या देणार असं जाहीर झालं आणि अप्पाच्या अंगात आलं. आठवडाभर त्यानं माझं डोकं खाल्लं. मंगलाकाकूच्या मोबाइलमधला फोटो निवडला. नंदा कमरेवर हात ठेवून उभी, गडद निळी जर्सी, मागं प्रेक्षकांचा अंधार. मोठा काढायला लावला आणि चकचकीत नको म्हणाला. पेनावरून तर त्यानं मला रडवलं. काळा दिसणार नाही. पांढरा पिवळा पडतो. सोनेरी लग्नपत्रिकेसारखा दिसतो. चंदेरीतही एक पाण्यात कालवलेल्या रंगाचा आणि एक तेलात कालवलेल्या रंगाचा. सोलापूरला जाऊन त्यानं तेलाच्या रंगाचे सहा आणले आणि माझ्या टेबलावर एकेकाला स्पिरिटनं घासून बघितलं. पाच पुसले गेले. सहावा नाही. घासता घासता कागद सोलून निघाला, पण रेघ राहिली.

"ह्यो," अप्पा म्हणाला. "हिची सही कुनाला पुसता यायला नको."

हे तो माझ्याकडं बघून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं.

माझ्या मोटारसायकलवर आम्ही गेलो. मैदानावर ही रांग. शाळेच्या मुली, पोरं, दोन-चार शिक्षक. एका कार्यकर्त्यानं सांगितलं, "काका, रांगेतनं या." मी म्हणणार होतो की हे वडील आहेत. अप्पानं माझा दंड धरला. "बाप हाय म्हणून सांगू नको." का, ते मी विचारलं नाही. नाही म्हणाली तर सगळ्यांदेखत म्हणेल, याची त्याला भीती वाटली असावी. भिंतीसमोरच्या या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेला बघत होतो आणि मला त्याची दया येत नव्हती.

त्याची पाळी आली. त्यानं टेबलावर फोटो ठेवला, जर्सीच्या बाहीवर पावडर फिरवली, पेन हलवला, रद्दी कागदावर ठिपका पाडला, टोपण काढलं, बोटानं जागा दाखवली. नंदानं सगळं शांतपणे बघितलं. मग मान वर केली, ओळख नसलेल्या माणसाकडं बघतात तसं हसली आणि म्हणाली, "नाव काय लिहू, काका?"

मंगलाकाकू शेजारीच खुर्चीवर बसली होती. ती मांडीवरच्या शालीची घडी नीट करायला लागली.

अप्पानं पेनाचं टोपण मुठीत धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सांगा की ओ लवकर."

"गुरुनाथ," अप्पा म्हणाला.

"गाव?"

"नळदुर्ग."

तिनं आधी वर लिहिलं, फोटोतल्या स्वतःच्या डोक्याच्या एका बाजूला 'श्री. गुरुनाथ, नळदुर्ग' आणि दुसऱ्या बाजूला 'यांना मनःपूर्वक शुभेच्छा'. मग खाली, त्यानं पावडर लावली होती तिथं, सही केली. टपोरी, सुंदर सही. पेनाला टोपण लावून तिनं तो परत दिला. ओळखलं नसेल असं कुणी म्हणू नये. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "दिगूकाका, जेवून जा हं. मावशीनं गव्हाची हुग्गी केलीया." आणि पुढच्या मुलीकडं वळली.

मला फार बरं वाटलं. तो काळा झालेला कापूस बघितल्यापासून मी याचीच वाट बघत होतो बहुतेक. मी जेवायला थांबलो. अप्पा मोटारसायकलपाशी उन्हात उभा राहिला.

परत आल्यावर तो ढाब्यात गेला नाही, माझ्या दुकानात शिरला. फोटो टेबलावर ठेवला. "ही वरची ओळ उडव."

"ती उडत न्हाय अप्पा. तुमीच पारखून आणलाव पेन."

त्यानं तरी स्पिरिट मागितलं. एका अक्षरावर घासून बघितलं. रंग गेला तो मागच्या प्रेक्षकांचा. त्याचं नाव तसंच चमकत होतं.

"स्कॅन करून ओळ काढून टाकतो आणि नवा फोटो काढून देतो," मी म्हणालो.

"मंग ती छापलेली सही हुती. खरी न्हाय."

मग तो बराच वेळ फोटोकडं बघत बसला. समोर ढाब्यावर दोन गाड्या येऊन थांबल्या, त्यांच्याकडंही त्यानं बघितलं नाही. शेवटी म्हणाला, "वरनं काप."

"वरनं कापलं तर हिचं डोकं जातंय. ओळ दोन्ही कानांपाशी हाय. गळ्यापासनं खाली तेवढं ऱ्हाईल."

अप्पानं माझी स्टीलची पट्टी उचलली आणि मुलीच्या हनुवटीखाली ठेवली. एक डोळा मिटून बघितलं. पट्टी केसभर खाली घेतली.

"सही पुरी येती न्हवं?"

"येते."

"मंग काप."

मी कापला. अप्पानं खालचा तुकडा दोन्ही हातांनी कडेकडेनं धरून उचलला आणि वरचा टेबलावर तसाच टाकून तो ढाब्याकडं निघाला.